आधी वाइंडिंग, मग काच : जुना फिल्म कॅमेरा दुकानात कसा तपासावा

प्रश्न नांदेडहून आला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या स्टुडिओच्या दुकानात दोन कॅमेरे विकायला आहेत, दोन लेन्सचा यशिका-मॅट १२४जी आणि एका लेन्सचा मामिया आरबी६७ प्रो-एस. दोन्ही ३५ एमएमपेक्षा रुंद, १२० च्या रोलचे. दुकानदार तासभर हाताळू देतो, पण रोल धुऊन येईपर्यंत कॅमेरा राखून ठेवायला तयार नाही. विचारणाऱ्याने आजवर फक्त ३५ एमएमचा कॅमेरा वापरला आहे. त्या तासाभरात काय बघायचं, आणि दोन्हींतला कोणता उचलायचा?

जुना कॅमेरा हातात आला की बहुतेक जण पहिल्यांदा लेन्स उजेडाकडे धरतात. बुरशी दिसली की नको, काच स्वच्छ दिसली की सौदा पक्का. हा क्रम उलटा करा. मुंबई-कोकणातून आलेला कॅमेरा बुरशीने जातो, आपल्याकडे कपाटात पडून राहिलेला वाळलेल्या ग्रीसने. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. असे तीस-चाळीस उन्हाळे लोखंडी कपाटात काढलेल्या कॅमेऱ्याची काच बऱ्याचदा ठीक असते, पण आतल्या तेलाचा पातळ भाग उडून किंवा वाहून जातो आणि मागे चिकट थर राहतो. दुसरं कारण दुरुस्तीचं. झाकणाच्या कडेने उजेड शिरू नये म्हणून लावलेली फोमची पट्टी किंवा फ्लॅशचं सॉकेट गावात बदलून होतं. वाइंडिंगचे, म्हणजे रोल पुढे नेणारे, गिअर आणि शटर उघडणारे हात मात्र आपल्याकडे फार थोडे उरलेत, ते काम पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं आणि तिथेही सुटा भाग दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढतात. म्हणून प्रत्येक दोषाला एकच प्रश्न विचारायचा: हे दुरुस्त कुठे होणार?

जाताना पिशवीत थोडं सामान ठेवा. स्लो-मोशन व्हिडिओ काढणारा मोबाईल, बारीक झोताची टॉर्च, केबल रिलीज (शटर लांबून दाबायची तार), मुदत संपलेला एक १२० चा रोल आणि पातळ मार्कर. शिवाय फोटो फ्रेमवाल्याकडून ६० मिमी रुंद आणि ८० मिमी लांब काच कापून घ्या, कडा घासून घ्या आणि एका बाजूला धुरकट चिकटपट्टी किंवा ट्रेसिंग पेपर सपाट चिकटवा. ती कशाला, ते पुढे येईल.

दुकानात गेल्यावर कॅमेऱ्याला कुणी हात लावायच्या आत दुकानदाराला सांगा, "काका, पहिलं शटर मी दाबतो." यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. चिकट झालेलं शटर दहा-वीस वेळा चाललं की मोकळं होतं आणि तासभर अगदी नव्यासारखं वागतं. रात्रभर पडून राहिलं की पुन्हा तेच. त्यामुळे पडून असलेल्या कॅमेऱ्याचं पहिलं १ सेकंद हीच खरी चाचणी, आणि ती एकदाच मिळते. शक्यतो सकाळी दुकान उघडताना जा. डिसेंबर-जानेवारीतल्या गार सकाळी गेलात तर आणखी चांगलं, थंडीत ग्रीस आवळतं आणि लपलेला दोष बाहेर येतो.

शटर १ सेकंदावर ठेवा, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि दाबा. उघडल्याचा टक्, मग आतल्या गिअरची एकसारखी घर्र, मग मिटल्याचा टक्. घर्र मध्येच अडखळली, मंदावली किंवा शटरच्या पाकळ्या उघड्याच राहिल्या तर शटरला साफसफाई हवी. मग ½, ¼, ⅛ असं खाली या. यानंतर कान पुरत नाही. मागचं झाकण उघडा, लेन्ससमोर टॉर्च धरा आणि मागून २४० फ्रेमच्या वेगाने व्हिडिओ काढा. ⅛ ला पाकळ्या साधारण ३० फ्रेम उघड्या दिसल्या पाहिजेत, १/१५ ला १६, १/३० ला ८, १/६० ला ४. मागे दुकानातली ट्यूबलाइट नको. ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि मोजणी फसते, टॉर्च किंवा दारातला दिवसाचा उजेड घ्या. १/५०० या पद्धतीने कळत नाही, कारण तो अर्ध्या फ्रेमपेक्षाही कमी वेळ असतो. तिथे फक्त पाकळ्या पूर्ण उघडून मिटतात ना, एवढंच बघा.

३० च्या जागी ३६-३७ फ्रेम आल्या तर घाबरायचं कारण नाही. निगेटिव्ह फिल्म तेवढा जास्तीचा उजेड सहज पचवते. ६० आल्या तर एक स्टॉपची, म्हणजे दुप्पट उजेडाची, चूक आहे. रंगीत स्लाइड फिल्मवर ती चालणार नाही, कृष्णधवलवर हिशेबात धरून चालवता येते. पण एकाच स्पीडला एकदा ३०, एकदा ५०, एकदा ३८ असं येत असेल तर मात्र नाही म्हणा. ठरावीक चूक भरून काढता येते, लहरी शटरला उपाय नसतो. वेरूळच्या लेण्यांत आत, अजिंठ्यात फ्लॅशला मनाई असताना, तुम्हाला हेच ⅛ आणि १ सेकंद लागणार आहेत, म्हणून मंद स्पीडकडे डोळेझाक करू नका.

आता यशिकाचं वाइंडिंग. १२४जीची लेन्स आणि शटर कामाचे आहेत: ८० एमएम एफ ३.५ यशिनॉन आणि १ सेकंदापासून १/५०० पर्यंत चालणारं कोपाल शटर. दुखणं असतं ते क्रँकमागच्या, म्हणजे रोल फिरवायच्या दांडीमागच्या, गिअरचं. लग्नसराईत वर्षानुवर्षं घाईघाईने फिरवलेल्या कॅमेऱ्यात दात झिजतात, फ्रेम एकमेकींवर चढतात. आधी फिल्म सपाट दाबणारी मागची प्रेशर प्लेट १२ वर आहे का बघा, कारण हा कॅमेरा १२० (१२ फोटो) आणि २२० (२४ फोटो) दोन्ही रोल घ्यायचा. प्लेट २४ वर राहिली असेल तर मोजणी चुकेल आणि तुम्ही चांगल्या कॅमेऱ्याला नावं ठेवाल.

मग मुदत संपलेला रोल भरा. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवा, झाकण लावा आणि क्रँक अडेपर्यंत फिरवा. काउंटर १ वर यायला हवा. आता बारा फोटो एकामागून एक: क्रँक पुढे अडेपर्यंत, मग मागे अडेपर्यंत, मग शटर. हाताला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. पहिली, जोर एकसारखा लागतो की मध्येच दातांवरून घसरल्यासारखं होतं. दुसरी, अडणं ठाम आहे की रबरासारखं लवतं. तिसरी, क्रँकच्या फेऱ्याचं अंतर. गुंडाळीचा घेर वाढत जातो तसा दर फ्रेमला फेरा थोडा थोडा लहान व्हायला हवा. पाचव्या-सहाव्या फ्रेमला तो अचानक मोठा झाला तर तिथे फ्रेम सरकली असं समजा. बाराव्यानंतर क्रँक मोकळा फिरून रोल पूर्ण गुंडाळला गेला पाहिजे. बाहेर काढलेली गुंडाळी घट्ट हवी. ढिली, पोट सुटलेली गुंडाळी म्हणजे स्पूलला ताण देणारी पट्टी सैल झाली आहे आणि रोलच्या कडेने उजेड शिरणार. फ्रेममधली फट किती पडते हे मात्र या कॅमेऱ्यात खरा रोल धुतल्याशिवाय डोळ्यांनी दिसत नाही.

आरबी६७ मध्ये ते दुकानातच दिसतं. रोल धरणारी मागची पाठ सुटी होते, हा त्याचा मोठा फायदा. पाठीत तोच जुना रोल भरा आणि पहिल्या फ्रेमवर या. डार्क स्लाइड (फिल्मसमोर उजेड अडवणारी पातळ पट्टी) आत सरकवून पाठ कॅमेऱ्यापासून काढा, स्लाइड ओढा आणि चौकटीच्या आतल्या कडेने मार्करने फिल्मवर रेघ मारा. स्लाइड परत घाला, पाठ लावा, स्लाइड काढा, शटर दाबा, पाठीवरच्या लिव्हरने रोल पुढे घ्या. पुन्हा तेच. पाच-सहा फ्रेमनंतर रोल बाहेर काढून टेबलावर पसरा: चौकटींमधल्या फटी सारख्या आहेत की कुठे दोन चौकटी भिडल्यात, ते समोर दिसेल. दुकानदाराने याला हरकत घ्यायचं कारण नाही, रोल तुमचा आहे आणि कॅमेऱ्याला काही इजा होत नाही.

आरबीशी अनोळखी माणूस न बिघडलेला कॅमेरा बिघडलेला समजतो, म्हणून हे लक्षात ठेवा. उजवीकडचा मोठा लिव्हर आरसा आणि शटर चढवतो, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणून तयार करतो, रोल पुढे नेत नाही. रोलचा लिव्हर वेगळा, पाठीवर. प्रो-एसमध्ये डार्क स्लाइड आत असेल तर शटर सुटत नाही. शटरच्या बटणाभोवतीची कडी कुलपावर असली तरी सुटत नाही. आणि लेन्स काढायची किंवा लावायची ती कॅमेरा चढवलेला असतानाच. हाच नियम हॅसलब्लाड ५०० मालिकेला आणखी कडक लागू आहे. तिथे लेन्स आणि बॉडी यांतलं एक चढवलेलं आणि एक उतरलेलं असताना जबरदस्ती केली की दोन्ही अडकून बसतात.

दुकानात आपल्याच हाताने नुकसान होण्याच्या आणखी काही जागा आहेत. जुन्या लीफ शटरचा, म्हणजे या लेन्समधल्या पाकळ्यांच्या शटरचा, सेल्फ टायमर अजिबात ओढू नका. तो वर्षानुवर्षं वापरलेला नसतो, अर्ध्यावर अडकतो आणि पूर्ण शटर बंद पाडतो. यशिकावर १/५०० बघायचं असेल तर आधी स्पीड तिथे न्या, मग क्रँक फिरवा. चढवलेल्या शटरवर शेवटचा टप्पा जोराने ओढू नका. झोर्की-४ किंवा फेडसारखा रशियन कॅमेरा समोर आला तर तिथे नेमका उलटा नियम आहे, आधी चढवा, मगच स्पीड बदला. आणि काहीही अडलं तर जोर लावू नका, दुकानदाराच्या हातात द्या.

यानंतर काच. शटर बी वर उघडं धरा, अॅपर्चर पूर्ण उघडा आणि टॉर्चचा झोत मागून तिरका टाका. समोरून बघून झालं की उलट बाजूनेही बघा. सुटे ठिपके म्हणजे धूळ. काळ्या मातीच्या प्रदेशात ती असणारच, फोटोत दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा झाडाच्या मुळांसारख्या फाटे फुटलेल्या रेषा म्हणजे बुरशी. कडेला थोडीशी असेल तर साफ होते आणि किंमत कमी करून घेता येते. मधोमध असेल आणि तिने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो. काचेवर श्वास सोडल्यासारखा एकसारखा धुरकटपणा म्हणजे उडालेल्या तेलाचा थर, आपल्याकडच्या उन्हाळ्याची ही खास देणगी. तो बुरशीपेक्षा कमी भयंकर दिसतो, पण फोटोचा कस जास्त घालवतो: उन्हातला पांढरा शर्ट आसपास पसरतो आणि सावल्या राखाडी होतात. आतली काच उघडता येत असेल तर हा थर पुसून निघतो. दोन काचांच्या जोडात कडेला इंद्रधनुष्यी पट्टा किंवा बुडबुडे दिसले तर ती चिकटवण सुटलेली आहे, तिच्या भानगडीत पडू नका. पाकळ्यांवर तेलाची चमक आहे का तेही याच वेळी बघा. यशिकाच्या वरच्या, बघायच्या लेन्सवर थोडी बुरशी असली तरी फोटोत ती येत नाही, खालच्या लेन्सवर सगळं लक्ष द्या. आतल्या आरशाला बोट किंवा रुमाल लावू नका. त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो आणि पुसल्यावर निघून येतो.

कॅमेरा कातडी केसमध्ये ठेवलेला असेल तर काच दुप्पट काळजीने बघा. जुलै ते सप्टेंबर केस ओल धरून ठेवते आणि ती ओल आत लेन्सपाशीच राहते.

आता ती धुरकट काच. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात वरची लेन्स दाखवते तोच फोकस खालची टिपते का, हे बघायलाच हवं, कारण असा कॅमेरा पडला की दोन्ही लेन्स बसवलेली पुढची पाटी वाकते. झाकण उघडा आणि काच आतल्या रुळांवर ठेवा, धुरकट बाजू लेन्सकडे. फिल्म बाहेरच्या नव्हे, आतल्या रुळांवर टेकते. शटर बी वर केबल रिलीजने अडकवून ठेवा, अॅपर्चर ३.५ वर. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी किंवा दूरची पाण्याची टाकी घ्या, वरच्या भिंगातून फोकस करा आणि मागच्या काचेवर तीच अक्षरं धारदार आहेत का ते भिंग लावून बघा. मग १ मीटरवरच्या वर्तमानपत्रावर तेच. दोन्ही ठिकाणी सारखाच फरक पडत असेल तर कारागीर तो जुळवू शकतो. एका बाजूची अक्षरं धारदार आणि दुसऱ्या बाजूची मऊ असतील तर पाटी तिरकी आहे. फोकसचा नॉब पूर्ण फिरवून पाटी बाहेर काढा आणि डाव्या-उजव्या बाजूचं अंतर पट्टीने मोजा. आरबीला या चाचणीची फारशी गरज नाही, तिथे बघायची आणि टिपायची लेन्स एकच आहे. त्याऐवजी त्याचा भाता पूर्ण बाहेर काढा, पाठ आणि लेन्स काढून दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत जा आणि भात्यात टॉर्च पेटवून घड्यांचे कोपरे बघा. सुईच्या टोकाएवढा उजेड तिथेच दिसतो. एक-दोन भोकं काळ्या रबरी रंगाने बुजतात, घड्याच चिरल्या असतील तर भाता नवा हवा.

उजेड मोजणाऱ्या मीटरवर वेळ घालवू नका. १२४जीचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला होता, ते सेल बंद झाले. दीड व्होल्टचा साधा सेल टाकला की रीडिंग चुकतं. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल भोवती कडी घालून बसवला तर बरंच जवळ येतं. हूड उघडल्यावर सुई हलली तर ठीक, नाही हलली तर मोबाईलचं मीटर अॅप वापरा. सेलच्या खोबणीत हिरवा-पांढरा गंज आहे का तेवढं बघा आणि असेल तर किंमत कमी करा. आरबीला सेलच लागत नाही.

फ्लॅश वापरायचा असेल तर सिंक (फ्लॅश आणि शटर जुळवणारी कळ) एक्स वर ठेवा, झाकण उघडून लेन्समधून मागून बघा आणि १/५०० वर फ्लॅश उडवा. पूर्ण गोल उजळला पाहिजे. सिंक एम वर राहिला असेल तर काही उजळणार नाही, तो जुन्या बल्बसाठी होता. फोम चिकट डांबर झालेला असेल तर त्यात रडण्यासारखं काही नाही, काळी मखमल आणि लोकरीचा दोरा कुठल्याही कापड दुकानात मिळतो. सोबत पोलरॉइडची (लगेच छापील फोटो देणारी) पाठ फुकट मिळाली तर घ्या, पैसे देऊ नका. त्यात बसणारी फुजी एफपी-१००सी ही फिल्म २०१६ मध्ये बंद झाली.

कोणता घ्यायचा, तर माझं मत स्पष्ट आहे. यशिकाचं वाइंडिंग बाराही फ्रेमना ठाम चाललं आणि पहिलं १ सेकंद न अडखळता सुटलं तर यशिका घ्या. तो गळ्यात घालून दिवसभर हिंडता येतं. आरबी लेन्ससकट अडीच किलोच्या पुढे जातो, तिपाईशिवाय त्याच्याकडून काम होत नाही. पण यशिकाच्या क्रँकबद्दल थोडी जरी शंका आली तरी तो सोडून द्या आणि आरबीकडे वळा. आरबीची पाठ खराब निघाली तर दुसरी पाठ आणता येते, शटर बिघडलं तर दुसरी लेन्स. यशिकात सगळं एकाच डबीत बंद आहे.

पैसे देताना पावतीवर "८ दिवसांत परत" एवढं लिहून घ्या. त्या आठ दिवसांत फोमापॅन १०० या कृष्णधवल फिल्मचा एक रोल टाका. दुपारच्या स्वच्छ उन्हात एकाच भिंतीचे पाच फोटो: १/५०० एफ ८, १/२५० एफ ११, १/१२५ एफ १६, १/६० एफ २२, १/३० एफ ३२. पाचही निगेटिव्ह सारख्याच गडद आल्या पाहिजेत, जिथे फरक पडला तो स्पीड चुकीचा. संध्याकाळी ३.५ वर एक दूरचा, एक १ मीटरवरचा, आणि १ सेकंद व ⅛ वर तिपाईवरून दोन. मग लेन्सला टोपी लावून कॅमेरा दहा मिनिटं उन्हात सर्व बाजूंनी फिरवा आणि टोपी न काढताच ती फ्रेम पुढे घ्या. ती धुतल्यावर कोरी आली पाहिजे, तिच्यावर काळा पट्टा आला तर तो कोणत्या कडेला आहे बघा, उजेड त्याच बाजूच्या सीलमधून शिरतो. रोल घरी धुणार असाल तर डेव्हलपर २० अंशांवर ठेवायला उन्हाळ्यात भोवती बर्फाचं पाणी लागेल. नाहीतर निगेटिव्ह सगळ्याच गडद येतील आणि दोष शटरच्या माथी बसेल. निगेटिव्ह वाळली की कापायच्या आधी अख्खी पट्टी खिडकीत धरा आणि फ्रेममधल्या अकराही फटी पट्टीने मोजा.